मालिकांची मोजदाद आणि मालिकांचे जतन

दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका किती लोकांनी पाहिली हा एक प्रश्न आहे आणि ती किती लोकांनी पदरचे पैसे खर्चून घरी आणली, कपाटात ठेवली व पुन्हा पुन्हा पाहिली हा दुसरा. आणि हे दोन्ही प्रश्न वरकरणी एकाच लोकप्रियतेविषयीचे भासत असले, तरी निरनिराळ्या देशांतील गेल्या साठेक वर्षांचा अनुभव लक्षात घेता त्यांची उत्तरे क्वचितच एकमेकांशी जुळतात, असे आढळून येते. पहिल्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी आपल्या देशात संस्था स्थापन झाल्या, घरोघर यंत्रे बसली, सरकारने समिती नेमली आणि प्रसंगी पोलिसांनाही त्यात लक्ष घालावे लागले. दुसऱ्या प्रश्नाची वास्तपुस्त घेणारी व्यवस्था मात्र आपल्याकडे कधी उभीच राहिली नाही. या उपेक्षेचा परिणाम केवळ आकडेवारीपुरता असता, तर त्याविषयी विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु मोजणीची पद्धती जशी असेल तसे मालिकेचे रूप घडत जाते, आणि आपल्याकडील मोजणीने मराठी मालिकेला जे रूप दिले ते जतन करण्याजोगे उरले नाही, अशी माझी खात्री झाली असल्याने हा आढावा घेत आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. चि. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली ‘चिमणराव’ ही मालिका जेव्हा महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांना लोक चिमणराव व गुंड्याभाऊ या नावांनीच ओळखू लागले, तेव्हा प्रेक्षकांची गणना करणारे यंत्र एकाही दिवाणखान्यात नव्हते. प्रेक्षकाचा कौल कळण्याचे मुख्य साधन म्हणजे टपाल. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मनोहर श्याम जोशी लिखित हिंदी मालिकेच्या १५६ भागांच्या कालावधीत प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली, असे तिचा अभ्यास करणाऱ्यांनी नमूद केले आहे. पत्र लिहिणारा प्रेक्षक हा संख्याशास्त्राच्या दृष्टीने प्रातिनिधिक नव्हे, हे खरेच; पण त्याने कागद घेतला, मजकूर लिहिला, तिकीट लावले आणि पत्र पेटीत टाकले, एवढा खटाटोप ज्या मालिकेसाठी माणूस करतो तिच्याशी त्याचे नाते किती दृढ होते, याचा दाखला कोणत्याही टक्केवारीत सापडत नाही.

रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेच्या बाबतीत तर याहून विलक्षण प्रकार घडला. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेल्या या मालिकेस आरंभी ५२ भागांची मंजुरी होती. ती मुदत वाढत वाढत ७८ भागांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ रोजी मालिका संपली. उत्तरकांडाची कथा तीत समाविष्ट व्हावी या मागणीसाठी उत्तर भारतातील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी काम बंद ठेवले आणि पुढे त्या कथाभागाची स्वतंत्र मालिका निघाली. प्रेक्षकाचा आग्रह इतक्या ठळकपणे नोंदला जावा आणि तो कोणत्याही मोजणीच्या कोष्टकात बसू नये, असे हे उदाहरण आहे.

मोजणीचा पद्धतशीर इतिहास सुरू होतो तो डायरीपासून. निवडक कुटुंबांना छापील वही द्यावयाची, त्यांनी आठवडाभर काय पाहिले ते तीत भरावयाचे आणि त्यावरून ‘टीआरपी’ काढावयाचा, अशी ती रीत होती. तिचा दोष उघड होता. माणूस वही रोज भरत नाही, आठवड्याच्या शेवटी आठवून भरतो; आणि आठवून लिहिताना जे पाहिले त्यापेक्षा जे पाहिले असे सांगावेसे वाटते तेच अधिक लिहिले जाते. खासगी वाहिन्यांचा अंमल सुरू झाल्यावर मापकयंत्रे आली. घरातील प्रत्येक माणसास एक बटण नेमून दिलेले असे आणि त्याने पाहावयास बसताना ते दाबावयाचे, अशी अपेक्षा असे. ‘टॅम’ या संस्थेचा या क्षेत्रात दीर्घकाळ जवळजवळ मक्ताच होता. तथापि २०१० मध्ये सरकारने अमित मित्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या व्यवस्थेची तपासणी केली, तेव्हा साऱ्या देशाच्या अभिरुचीचा निवाडा सुमारे ८,००० यंत्रांवर होत असल्याचे आणि ग्रामीण भाग त्यातून वगळला गेल्याचे समोर आले. समितीने यंत्रांची संख्या टप्प्याटप्प्याने ३०,००० पर्यंत नेण्याची शिफारस केली. पुढे वाहिन्या, जाहिरातदार व जाहिरातसंस्था यांच्या संयुक्त संस्थेने, म्हणजे ‘ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल’ अथवा ‘बार्क’ने, २०१५ पासून आकडे देण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी ग्रामीण घरेही हिशेबात आली. या नव्या पद्धतीत वाहिनीच्या ध्वनीतच कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते व घरातील यंत्र ती खूण ओळखते. बटण दाबण्याचे काम मात्र अद्यापि माणसाकडेच आहे.

येथे थोडे थांबून नमुना-पद्धतीविषयी बोलले पाहिजे, कारण तिच्यावर होणारी सर्वसाधारण टीका मला मान्य नाही. ‘आमच्या ओळखीच्या एकाही घरी यंत्र नाही, मग हे आकडे खरे कसे?’ असे जे म्हटले जाते, त्यात तथ्य नाही. योग्य रीतीने निवडलेल्या थोड्या घरांवरून अनेक घरांचा अंदाज बांधता येतो, हे शास्त्र सिद्ध आहे. सुमारे एकवीस कोटी दूरचित्रवाणी असलेल्या घरांसाठी ४४,००० घरे निवडली, तर एक घर पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलते, आणि मोठ्या वाहिनीच्या मोठ्या मालिकेपुरता तो अंदाज पुरेसा विश्वसनीय असतो. खरी अडचण लहान आकड्यांची आहे. समजा, एखाद्या प्रदेशात २,००० घरांत यंत्रे आहेत आणि रात्री उशिरा लागणारी, विचाराला प्रवृत्त करणारी एखादी मालिका त्यांपैकी २० घरांत पाहिली गेली. पुढच्या आठवड्यात तो आकडा १२ वर आला किंवा २८ वर गेला, तरी तो निव्वळ योगायोगाचा भाग असू शकतो. परंतु वाहिनीच्या कचेरीत आठवड्याचा तक्ता येऊन पडतो, तेव्हा हा फरक योगायोग म्हणून सोडून दिला जात नाही; त्यावरून मालिकेची वेळ बदलते, कथानकाला अनपेक्षित वळण दिले जाते, एखादे पात्र मारले जाते किंवा मालिकाच गुंडाळली जाते. ज्या मालिकांचा प्रेक्षक थोडा पण निष्ठावंत असतो, त्यांच्यावर हा अन्याय सर्वाधिक होतो, आणि पुढे व्हीसीडी-डीव्हीडीच्या तबकडीसंदर्भात ज्यांचा विचार करावयाचा त्याही नेमक्या याच मालिका होत.

नमुना लहान आणि गुप्त असला की त्याला दुसरेही भय असते. गुप्तता फुटली, तर थोडक्या घरांना वश करून साऱ्या प्रदेशाचा आकडा फिरवता येतो. २००१ साली मुंबईतील यंत्र असलेल्या घरांची यादी बाहेर पडल्याने खळबळ उडाली होती. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी याच स्वरूपाचा आरोप ठेवून तपास आरंभिला, तेव्हा बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणे स्थगित केले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. या प्रकरणाच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही.

आकडा प्रामाणिकपणे काढलेला असला, तरी तो काय सांगतो याचा विचार निराळा करावा लागतो. ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ या १९६३ पासूनच्या मालिकेच्या ‘सिटी ऑफ डेथ’ या कथेचा अखेरचा भाग २० ऑक्टोबर १९७९ रोजी एक कोटी एकसष्ट लाख लोकांनी पाहिला आणि त्या मालिकेचा तो उच्चांक ठरला. परंतु त्या दिवसांत प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा राहतो. आपल्या ‘रामायण’, ‘महाभारत’ यांनाही पहिल्या प्रसारणाच्या वेळी स्पर्धक वाहिनी नव्हती. टाळेबंदीच्या काळात, २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’चे पुनःप्रसारण झाले आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, हा जागतिक विक्रम होय, असे दूरदर्शनने जाहीर केले. अमेरिकेत २८ फेब्रुवारी १९८३ रोजी ‘मॅश’ या मालिकेचा अखेरचा भाग सुमारे १० कोटी ६० लाख लोकांनी पाहिल्याची नोंद असल्याने या दाव्याला वृत्तपत्रांतून लगोलग हरकत घेण्यात आली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते प्रमाण: त्या वेळच्या अमेरिकेच्या तेवीस कोटींवर लोकसंख्येत ‘मॅश’चा प्रेक्षक शेकडा पंचेचाळीसच्या आसपास पडतो, तर आपल्या लोकसंख्येत ‘रामायण’चा तो प्रेक्षक शेकडा सहाहूनही कमी भरतो. जपानमध्ये १९८३ साली ‘ओशिन’ मालिकेने गाठलेली ६२.९ टक्क्यांची सीमा याच दृष्टीने पाहावी. मराठीपुरते बोलावयाचे, तर मोजणीत महाराष्ट्र व गोवा मिळून एकच विभाग धरला जातो. त्यात मुंबईतील हिंदी पाहणारी घरेही येतात आणि गोव्यातील मराठी-कोकणी घरेही. बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथील मराठी प्रेक्षक मात्र त्या विभागाबाहेर राहतो.

आता दुसऱ्या हिशेबाकडे वळू. चित्रफितीच्या काळातच त्याची चुणूक दिसली होती. बीबीसीने १९९५ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीवरील सहा भागांची मालिका दाखवली, तेव्हा तिच्या चित्रफितींची बारा हजारांची पहिली आवृत्ती दोन तासांत संपली. ज्यांनी ती नुकतीच फुकट पाहिली होती, तेच ती विकत घेत होते. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात व पुढील वर्षी अमेरिकेत आली आणि जी मालिका फितींच्या ढिगाऱ्याशिवाय घरात ठेवता येत नसे, ती पुस्तकाएवढ्या जागेत मावू लागली. या दुसऱ्या हिशेबाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘फायरफ्लाय’ या अमेरिकन मालिकेचे. फॉक्स वाहिनीवर सप्टेंबर २००२ मध्ये सुरू झालेली ही मालिका भागांचा क्रम उलटसुलट करून दाखवली गेली, तिचा प्रेक्षक थोडा निघाला आणि चित्रित झालेल्या १४ भागांपैकी ११ दाखवून ती डिसेंबरात बंद करण्यात आली. मोजणीच्या वहीत तिचे खाते तेथेच मिटले. परंतु वर्षभरानंतर सर्व भागांची, लेखकास अभिप्रेत असलेल्या क्रमाने लावलेली डीव्हीडी निघाली, तिला इतकी मागणी आली की युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेने त्याच कथेवर ‘सेरेनिटी’ हा चित्रपट काढला आणि तो २००५ मध्ये प्रदर्शित झाला. हाच प्रेक्षक पूर्वीही होता, पण शुक्रवारच्या रात्री ठरावीक वेळी तो पडद्यासमोर नव्हता, म्हणून मोजणीत तो अस्तित्वातच नव्हता. जपानमध्ये मध्यरात्रीनंतर दाखवल्या जाणाऱ्या अनेक ॲनिमेशन-मालिकांचा तर अर्थव्यवहारच दीर्घकाळ तबकडीच्या विक्रीवर उभा होता. प्रसारण ही केवळ तिची जाहिरात असे.

‘डॉक्टर हू’चे प्रकरण याहून हृदयस्पर्शी आहे. १९६०च्या दशकातील तिच्या भागांच्या फिती बीबीसीने पुढे पुसून टाकल्या, कारण पुनःप्रसारणाचे हक्क मर्यादित होते, फिती महाग होत्या आणि घरी मालिका विकत घेता येईल अशी कल्पनाही कोणास नव्हती. आज सुमारे शंभर भाग चित्ररूपाने उपलब्ध नाहीत. पण त्या प्रत्येकाचा ध्वनी उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो त्या त्या वेळी टिपून ठेवला होता. नायजेरियातील जॉस येथील प्रक्षेपण केंद्रात सापडलेले नऊ भाग २०१३ मध्ये जाहीर झाले. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही त्यांतील कथा तबकडीवर आली. आणि जे सापडले नाहीत त्यांपैकी काहींना त्या जुन्या ध्वनीवर नवी रेखाचित्रे चढवून तबकडीवर पुन्हा उभे केले गेले. तबकडीला ग्राहक आहे या एका कारणाने हे सारे संशोधन, शोधमोहिमा आणि जीर्णोद्धार परवडले, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे तबकडीचे युग आले ते व्हीसीडीच्या रूपाने. तिचे चित्र धूसर, लांबी जेमतेम सव्वा तास, पण किंमत कमी आणि यंत्र स्वस्त. शिवाय डीव्हीडीवर असणारे प्रदेशनिहाय निर्बंध तिच्यावर नसल्याने दादरच्या दुकानात घेतलेली व्हीसीडी न्यू जर्सीतही चाले. परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या सामानातून मराठी नाटके समुद्रापार गेली ती याच तबकड्यांवरून. मराठी नाटकांच्या व्हीसीडींचा खप हे त्या दशकातील मराठी मनोरंजनाचे एक ठळक वैशिष्ट्य होय. मोझर बेअर या कंपनीने पुढे व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना देऊन बाजार ढवळून काढला. त्या कंपनीच्या विसर्जनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला, तोवर तबकडीचे दिवसही सरत आले होते.

नाटके तबकडीवर आली, चित्रपट आले, ‘रामायण’ व ‘महाभारत’ आले. मग खासगी वाहिन्यांच्या लोकप्रिय मराठी मालिकांनी दुकानांतील फळ्या का भरल्या नाहीत? या प्रश्नाचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. जाहिराती वगळून एका भागाची बावीस मिनिटे धरली, तरी तीन हजार भागांचे अकराशे तास होतात. एका डीव्हीडीवर चार तास बसवले, तर पावणेतीनशे तबकड्या लागतील. असा संच कोणी काढणार नाही, कोणी घेणार नाही आणि कोणी पाहणारही नाही. याच्या उलट दूरदर्शनच्या साप्ताहिक मालिकांना तेरा भागांची मुदत मिळे. तेरा भागांचे सुमारे पाच तास दोन तबकड्यांत सहज मावतात. साप्ताहिक तक्त्यावर जगणाऱ्या व्यवसायाला ज्या मालिकेचा आकडा चांगला ती थांबवणे परवडत नाही आणि ज्या मालिकेचा आकडा वाईट ती पूर्ण होऊ देणे परवडत नाही. परिणामी पहिलीला शेवट उरत नाही व दुसरीला तो नीट मिळत नाही. शेवट नसलेली गोष्ट कोणी जपून ठेवीत नाही. ‘आभाळमाया’पासून पुढील पंचवीस वर्षांत मराठी वाहिन्यांवर उत्तम अभिनय झाला, काही प्रसंग अविस्मरणीय उतरले, अनेक लेखकांनी दररोज पाने लिहून देण्याचे जे कष्ट उपसले त्यांना तोड नाही, आणि तरीही या अफाट निर्मितीतून शेल्फावर ठेवावे असे एकसंध, आदि-मध्य-अंत असलेले किती निघाले याचा हिशेब मांडताना मनाला यातना होतात. ज्या मालिका या नियमाला अपवाद ठरल्या, त्यांत आठवड्याला एक स्वयंपूर्ण गोष्ट सांगणाऱ्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ची गणना मी प्रथम करीन, तिचा कोणताही भाग आज काढून पाहिला तरी तो पुरा वाटतो.

टाळेबंदीतील ‘रामायण’च्या पुनःप्रसारणाच्या वेळी घडलेली एक गोष्ट या दोन हिशेबांचा संबंध चांगला उलगडते. पडद्यावर मोझर बेअरची खूण दिसते, म्हणजे सरकारी वाहिनी दुकानातल्या तबकडीवरूनच मालिका दाखवीत आहे, असा दावा काही प्रेक्षकांनी केला. ते चित्र दूरदर्शनचे दिसत नाही, असे सांगून प्रसार भारतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी तो नाकारला. खरे-खोटे काही असो, मूळ संच सागर कुटुंबीयांकडून मिळवावा लागला होता, म्हणजे जी मालिका दूरदर्शनच्या इतिहासातील सर्वांत मोठी, तिचे जतन दूरदर्शनच्या दप्तरात नव्हे, तर निर्मात्याच्या घरी आणि तबकड्या विकत घेतलेल्या प्रेक्षकांच्या कपाटांत झाले होते.

लोकप्रिय, पौराणिक, खासगी निर्मात्याच्या मालिकेची ही कथा. मग केंद्राने स्वतः निर्मिलेल्या कार्यक्रमांचे काय? फितींच्या टंचाईमुळे दूरदर्शनवर जुने पुसून त्याच फितीवर नवे मुद्रित करण्याची रीत होती आणि तिच्यापायी आरंभीच्या दोन दशकांतील पुष्कळ ऐवज कायमचा गेला. २००३ पासून दूरदर्शनने आपला संग्रह उभारण्याचे काम हाती घेतले आणि त्यातील काही भाग आंतरजालावर विनामूल्य ठेवला आहे, ही समाधानाची बाब होय. पण आंतरजालावर ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याच्या मर्जीवर असते. सशुल्क मंचांवरील मालिकांची तर दुहेरी अडचण आहे: त्यांचे प्रेक्षक किती, हे मंच स्वतःच मोजतात व सोयीचे तेवढेच सांगतात, आणि करार संपला की मालिका एका रात्रीत यादीतून नाहीशी होते, मागे तबकडीही राहत नाही. जुन्या तबकड्यांचे आयुष्यही मर्यादित आहे. स्वस्त व्हीसीडींचा वरचा थर सुटू लागतो, आणि तबकडी चालवणारे यंत्र नव्या संगणकांत बसवलेले येत नाही.

यावर इलाज नाही असे नव्हे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि अन्य तीन ग्रंथालयांस द्यावी लागते; मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. चि. वि. जोशी यांची पुस्तके तेथे मागता येतात; ‘टिपरे’ ज्यावरून झाली ते प्रभावळकरांचे ‘अनुदिनी’ही. त्यांच्या मालिका मात्र मागता येत नाहीत, कारण तो कायदा ग्रंथ आणि नियतकालिके यांपुरता आहे. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय प्रामुख्याने चित्रपटांसाठी आहे. तेव्हा महाराष्ट्र शासनाने दूरदर्शनच्या मुंबई केंद्रातील उरलेल्या फितींची फेरिस्त प्रथम प्रसिद्ध करवून घ्यावी, वाहिन्यांनी संपलेल्या प्रत्येक मराठी मालिकेची एक संपूर्ण प्रत पुण्याच्या संग्रहालयाकडे द्यावी अशी तजवीज केंद्राकडे मागावी, आणि ज्यांच्या घरी जुन्या मालिकांच्या व्हीसीडी व घरगुती चित्रफिती अजून चालतात त्यांच्याकडून त्यांच्या प्रती, त्या चालेनाशा होण्यापूर्वी, करून घ्याव्यात.